गुणाजींनी बसवलेली जाळी

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी कशाला घुटमळता, चपला कोणी नेत नाही इथून. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज सांगायची ती कथा पोथीतली नाही. चिंचपोकळीची आहे, अगदी अलीकडची, आणि तिच्यात राक्षस म्हणून कोणी नाही. सगळी आपल्यासारखीच सरळ माणसं. तरी ती ऐकून घरी जाल तेव्हा भरल्या बादलीत हात घालताना क्षणभर थबकाल. कबूल असेल तर ऐका.

गुणाजी तोंडवळकर मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत फिटर होते. संपानंतर त्यांनी चिंचपोकळीला रेल्वेच्या भिंतीलगत गाळा घेतला, एक जुनं लेथ मशीन टाकलं आणि चाळीस वर्षं त्याच्यासमोर उभे राहिले. वरच्याच मजल्यावर बिऱ्हाड. नुसता अंगठा फिरवून सांगायचे, अर्धा सूत जास्त आहे. माप लावून बघावं तर अर्धा सूतच निघायचं. बोलणं मात्र मोजकं. "आमच्या ह्यांच्या तोंडाक पण ग्रीस लावूक होया," असं त्यांची बायको कमल म्हणायची.

एकुलती लेक श्रेया वरळीच्या कोळीवाड्यात दिलेली. दिलेली म्हणजे तिने तिचं जमवलं आणि ह्यांनी अक्षता टाकल्या. जावई स्वरूप मुलखाचा मेहनती. पण जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त यायला लागल्या, तेव्हा त्याने वडिलोपार्जित होडीतला आपला वाटा चुलत्याला देऊन टाकला आणि चैत्रातल्या एका रविवारी टेम्पोवर दोरखंडांनी आवळलेली एक बोट घेऊन सासऱ्याच्या गल्लीत शिरला. निम्मी चाळ गॅलरीत आली.

"गुणाजी, यंदा बाप्पाला ह्यातूनच नेताय काय?"

"आधी ही गल्लीतून परत बाहेर कशी निघणार ते विचार त्यांना!"

स्वरूप टेम्पोवरून उडी मारून खाली आला. "पप्पा, जेट बोट! हिला बाहेर पंखाच नाही. खालून पाणी ओढते, मागच्या नळीतून फेकते, त्या धक्क्याने पळते. पर्यटक फिरवायचे. मासळी रुसली तर रुसली."

बोट तीन पावसाळे कुठल्याशा खाडीच्या चिखलात उघडी पडली होती. गाद्या कुजलेल्या, त्यांत खेकड्यांची कवचं. इंजिन मिठाने जाम. अंगावर कधीकाळी ज्वाळांचं चित्र असावं, त्यातल्या दोन-तीन पिवळ्या जिभा उरलेल्या. आणि तिला एक वास होता. चिखलाचा, डिझेलचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. गाळा धुतला तरी तो दुसऱ्या दिवशी परत यायचा.

गुणाजी खूश झाले होते, हे मात्र खरं. म्हातारपणी एवढं मोठं काम हातात आलं. बूड खरवडलं, चिरा फायबरने भरल्या, वायरी नव्या ओढल्या, इंजिनाचा एकेक तुकडा रॉकेलच्या परातीत बुडवून साफ केला. स्वरूपची बहीण तेजस्वी दादरच्या एका लॅबमध्ये नोकरीला होती. घरी परतताना ती कधीमधी वाट वाकडी करून गाळ्यावर यायची, डब्यात कोळंबीचं कालवण घेऊन.

"काका, पेशंट कसा आहे? आयसीयूतून बाहेर आला की नाही?"

"येतोय, येतोय."

"येतोय काय? चार महिने झाले. इस्पितळात एवढ्यात माणूस घरी तरी जातो नाहीतर…" आणि मग स्वतःच जीभ चावून लाकडी दाराला हात लावायची.

आता थोडं मागे जाऊ, वैशाखात. एका दुपारी गुणाजी गाळ्यात एकटेच होते. पंप उघडायचं राहिलं होतं. ह्या बोटीच्या बुडाला एक चौकोनी तोंड असतं, मांडीएवढी जाड वस्तू आत जाईल इतकं मोठं. त्या तोंडावर जाळी असायला हवी. नव्हती. विकणारा म्हणाला होता, गंजून पडली. गुणाजींनी बोल्टांच्या भोकांत बोट फिरवलं. गंजून पडलेल्या जाळीचे बोल्ट आत मोडून राहतात. इथे आटे स्वच्छ होते. कोणीतरी पान्याने, सावकाश, चारही बोल्ट काढले होते.

मग त्यांनी पंप खोलला. आतल्या पंख्याच्या दांड्यावर एक गुंडाळा बसला होता, नारळाएवढा. वर शेवाळ, मग नायलॉनची दोरी, मग पिशव्या. पातीने एकेक थर कापत ते आत गेले. सगळ्यात आत, दांड्याला घट्ट आवळून, हातभर लांब केस होते. काळे. त्यांत एक तुटकी क्लिप, आणि नारिंगी लाइफ जॅकेटच्या पट्ट्याचा तुकडा.

भिंतीपलीकडून गाडी धडधडत गेली. गाळ्यातले पाने खिळ्यांवर किणकिणले आणि थांबले. गुणाजींनी ते केस न तोडता, हळूहळू दांड्यावरून सोडवले.

संध्याकाळी त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला.

"काय ओ, ह्या बोटीखाली कोण सापडलं होतं?"

पलीकडून हसू. "काका, तुम्ही बोट घेतलीत. तिची जन्मकुंडली नाही घेतलीत." आणि त्यानंतर तो नंबर पुन्हा लागला नाही.

केस कागदात बांधून त्यांनी देवाच्या फळीवर ठेवले. दुसरीकडे कुठे ठेवावे हे सुचेना. कमलच्या नजरेतून ते सुटणार थोडेच!

"अवो, ह्या काय कागदात?"

"काय नाय. पंपातली घाण."

"घाण कोण देवाच्या फळयेर ठेवता?" तिने कागद उघडला आणि हात मागे घेतला. "बाईमाणसाचे केस आसत हे."

गुणाजींनी कागद पुन्हा मिटला.

"जावयाक सांगलात?"

"नाय."

"कधी सांगतलात?"

"जाळी करून बसवतंय. मग सांगतलंय."

"जाळीचा आणि सांगूचा काय संबंध?" कमलने विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गिरगाव चौपाटीवर गेले, त्या केसांवर तुळशीचं पान ठेवलं, हात जोडले आणि ते पाण्यात सोडले. लाट ते दोनदा परत घेऊन आली. तिसऱ्यांदा नेलं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायला काय झालं होतं? ऐका. स्वरूपची आजी सखुबाई, ऐंशीच्या घरातली, अख्ख्या घरात शेवटचा शब्द तिचा. तिच्या घरची रीत अशी, की ज्या होडीने माणूस घेतला ती पुन्हा पाण्यात जात नाही. तोडायची, जाळायची, राखसुद्धा घरात ठेवायची नाही. तिच्या नवऱ्याची होडी तशी तोडली होती. दोन वर्षं घराने पेजेवर काढली, पण तिने होडीकडे वळून पाहिलं नाही. हे गुणाजींना ठाऊक होतं. सांगितलं असतं तर बोट त्याच दिवशी संपली असती. जुन्या होडीतला वाटा गेलेला, ही पण गेली, मग स्वरूपने करायचं काय? आणि श्रेयाने?

शिवाय गुणाजी पडले फिटर. लोखंडाला पाप लागत नाही, ह्यावर त्यांचा विश्वास. दोष असतो तो जोडणीत. जाळी नव्हती म्हणून कोणीतरी ओढली गेली; जाळी बसली की दोष गेला. हिशेब चोख वाटत होता.

महिना घालून त्यांनी जाळी केली. स्टीलच्या सळया, दोहोंमध्ये करंगळी जाईल एवढंच अंतर, कडा घासून गुळगुळीत. असं देखणं काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. चार बोल्ट आवळताना ते मनात कोणाचं तरी नाव घेऊ पाहत होते, पण त्या बाईचं नाव त्यांना कुठे माहीत होतं!

आणखी एक गोष्ट पंप जोडताना त्यांच्या ध्यानात आली होती. कोळ्यांच्या साध्या होडीचं इंजिन न्यूट्रलला टाकलं की पंखा थांबतो. हिचं तसं नाही. मागच्या नळीवर नुसती झडप पडते. बोट जागेवर राहते, पण आतला पंखा फिरतच असतो, खालचं तोंड पाणी ओढतच असतं.

"स्वरूप, न्यूट्रलवर भरवसा ठेवू नको हां."

"पप्पा, माझा जन्म होडीत गेलाय. तुम्ही आता मला न्यूट्रल शिकवणार?"

पोरगा हसला, गुणाजीही हसले. का ठेवू नको, हे सांगायचं तर एवढी भीती कसली हेही सांगावं लागलं असतं, म्हणजे थेट त्या कागदाच्या पुडीपर्यंत जावं लागलं असतं. जीभ तिथवर गेली आणि वळली.

श्रावण लागला. चाळीच्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी कीर्तन. गुणाजी वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत, बुवांच्या पखवाजाशी गुडघा टेकून बसणारे. त्या श्रावणात ते मागे, चपलांपाशी बसायला लागले. बुवांनी एकदा उभ्याउभ्याच विचारलं, "गुणाजी, पुढे या की! आमच्यावर रुसलात काय?" तर मान हलवून तिथेच राहिले. अहो, देव जिभेवर बसतो म्हणतात. पण जीभ हलवायचं काम त्याने माणसावरच सोपवलंय.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी, पाऊस उघडलेल्या एका सकाळी, बोट वरळीला पाण्यात पडली. गुणाजी स्वतः बसले. भरतीचं पाणी होतं, बोट अशी गेली की स्वरूपच्या डोळ्यांत पाणी आलं. "पप्पा, ही आता तुमच्या लेकीला राणीसारखी ठेवणार." किनाऱ्यावर येऊन त्याने सासऱ्याचे पाय धरले. कमलने घरी विचारलं, "सांगलात?" गुणाजी म्हणाले, "आज कसा सांगू? पोरगो पायाक लागलो."

पुढे काय झालं ते गुणाजींना फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी स्वरूप एकटाच बोट घेऊन गेला. ओहोटी होती. किनाऱ्याचा सगळा कचरा पाण्यावर, आणि जाळी एवढी बारीक की दर पाच मिनिटांनी पिशव्यांनी तुंबायची. बोट मध्येच मरायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्याने किनाऱ्याला लावून पान्याने चारही बोल्ट काढले. बोट भन्नाट पळाली. सासऱ्याला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. म्हाताऱ्याने महिना घालून केलेली वस्तू, वाईट वाटेल. तोही गप्प बसला. दोघेही चांगले, दोघेही गप्प.

नारळी पौर्णिमेला तोंडवळकर मंडळी कोळीवाड्यात सकाळीच पोचली. बँड वाजत होता, होड्यांना पताका लागल्या होत्या. जेट बोट पाण्याच्या कडेला नवरीसारखी उभी. सखुबाई पाटावर बसली होती, समोर नारळ, हळदकुंकू. तिने सगळ्यांना बाजूला सारलं आणि गुणाजींना पुढे बोलावलं. त्यांच्या घरी अशीही एक रीत होती: वापरलेली होडी घरात घ्यायची तर जो ती दुरुस्त करतो त्याला नारळावर हात ठेवून विचारायचं.

"व्याही, तुमी हिचं पोट उघडलंत. मना खरं सांगा. हिचे पोटान कय खोट नय ना?"

बँड थांबला होता. स्वरूप, श्रेया, वीस-पंचवीस माणसं बघत होती. गुणाजींचा हात नारळावर होता. कमलने डोळ्यांनीच म्हटलं, आता. निदान आता तरी.

"लोखंडात काही खोट नाही, आजी," गुणाजी म्हणाले. "सगळं मी माझ्या हाताने केलंय."

सखुबाईने मान डोलावली आणि नारळ फुटला. बँड सुरू झाला.

पाणी प्यायला म्हणून गुणाजी स्वरूपच्या घरी गेले, दोन गल्ल्या मागे. घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात माठाकडे वळले आणि ओट्यावर, शेगडीच्या वर, त्यांना ती दिसली. स्टीलच्या सळया, करंगळीएवढं अंतर, गुळगुळीत कडा. तिच्यावर सुके बोंबील भाजायला पसरलेले.

एक क्षण त्यांना काही कळलंच नाही. कोणीतरी दुसरी बनवली असेल असं वाटलं. मग त्यांनी तिच्या कोपऱ्यातला आपलाच वेल्डिंगचा टाका ओळखला आणि हातातला पेला तिथेच पडला.

सदुसष्ट वर्षांचा माणूस त्या अरुंद गल्ल्यांतून धावला. किनाऱ्यावर आला तेव्हा बोट कमरेएवढ्या पाण्यात गेली होती, इंजिन चालू. स्वरूप चाकावर. बायका पाण्यात उतरून ओवाळत होत्या, एरवी इंजिन चालू असताना त्यांना कोणी जवळ फिरकू दिलं नसतं. पण हिला पंखाच नव्हता ना! आणि न्यूट्रलला होती. "बिनधास्त ये गो मागे," स्वरूपच ओरडून सांगत होता, "पुढून झालं, मागून हार घाल!"

मागे तेजस्वी निघाली होती. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीची वेणी. बोटीला सगळीकडून वेढा पडेल असा लांबच लांब झेंडूचा हार तिने दोन रात्री जागून ओवला होता. साध्या दोऱ्यात ओवला असता तर तुटला असता. कोळ्याच्या घरात साधा दोरा कुणाला हवा? तिने तो जाळं विणायच्या नायलॉनमध्ये ओवला, आणि भिजू नये, हात मोकळे राहावेत म्हणून गळ्याभोवती, खांद्यावरून तीन वेढे घेतले. एक टोक सुटून पाण्यावर तरंगत होतं. ते हळूहळू बोटीखाली चाललं होतं.

"बंद कर! स्वरूप, इंजिन बंद कर!"

बँड, ढोलकी, शेजारच्या होड्यांचे भोंगे. कोणाला ऐकू जाणार? गुणाजी दोन्ही हात वर करून पाण्यात घुसले. स्वरूपने त्यांना पाहिलं. सासरा एवढा आनंदाने हात हलवताना त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने हसून हात हलवला आणि म्हाताऱ्याला आपल्या इंजिनाचा आवाज ऐकू जावा म्हणून, मानवंदना म्हणून, ॲक्सिलरेटर जरासा पुढे ढकलला.

पाण्यावरून झेंडूची फुलं सरसर आत गेली. तेजस्वीने गळ्याशी हात नेला. तिने हाक मारली की नाही, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. कमरेएवढं पाणी होतं हो. कमरेएवढंच.

स्वरूपने इंजिन बंद केलं तेव्हा गुणाजी बोटीखाली होते, खिशातल्या पातीने नायलॉन कापत. त्यांनी कापला. त्यांच्याच हातांनी तिला वर काढलं. इस्पितळात नेलं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोलिसांनी बोट नेली. तेराव्यानंतर गुणाजी कोळीवाड्यात गेले, सखुबाईसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. आटे, केस, क्लिप, तुळशीचं पान, फोनवरचं हसू, एकूणएक. स्वरूप भिंतीला टेकून ऐकत होता. श्रेया आत निघून गेली.

"आजी, मला वाटलं जाळी बसवली की संपलं. खोट लोखंडात नव्हतीच," ते म्हणाले.

सखुबाईच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"व्याही, मी लोखंडाला नय इचारलं. तुमाला इचारलं व्हतं."

मग तिने स्वरूपला सांगून त्यांना पाणी दिलं. स्वरूपने पेला पुढे केला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. गुणाजींना ते पाणी गिळता येईना, आणि टाकताही येईना.

गुणाजी आहेत अजून. लेथ बंद आहे. श्रेया दिवाळीला आली नाही. कमल त्यांच्याशी बोलते, जेवायला वाढते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. त्यांच्यासाठी देवाकडे काय मागायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हे सांगणाऱ्याला ते अजून ठरवता आलेलं नाही.

मागणं आहे ते दुसऱ्या कुणासाठी. दादरच्या त्या लॅबमध्ये रक्त द्यायला येणारी काही म्हातारी माणसं आहेत, ज्यांची शीर लवकर सापडत नाही. ती अजून खुर्चीत बसण्याआधी विचारतात, "ती कोळ्यांची मुलगी आली नाही का आज?" कारण ती आधी हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची, बाजारात पापलेट कसं मिळतंय ते बोलत राहायची, आणि सुई कधी आत गेली ते कळायचंही नाही. तिथल्या कोणीही अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलंय. तेव्हा आता उठताना, टाळ हातात घेण्यापूर्वी, तिचं नाव एकदा मोठ्याने घ्या. तेजस्वी. पुढच्या पौर्णिमेलाही घ्या. विसरू नका तिला.